माप घेताना जे दिसतं: घरातला छळ कसा ओळखायचा आणि मदत कुठे मागायची

नागपुरात मानेवाड्याच्या एका आतल्या गल्लीत माझं ब्लाउज-ड्रेस शिवायचं दुकान आहे. दहा बाय बाराची खोली, दोन मशिनी, कोपऱ्यात पडदा. त्या पडद्यामागे गेली चोवीस वर्षं मी बायकांची मापं घेते. बाईचा दंड, पाठ, मान इतक्या जवळून डॉक्टर सोडला तर दुसरं परकं माणूस बघत नाही. त्यामुळे तिच्या घरात काय चाललं आहे ते कित्येकदा तिच्या आईच्या आधी मला कळतं. मी वकील नाही, समुपदेशकही नाही. पण या वर्षांत काही जणींसोबत पोलीस ठाण्यात, दवाखान्यात, कोर्टात जाऊन बसले आहे. कुठे काय बोलायचं, कोणता कागद मागायचा, हे दर वेळी तिथे गेल्यावरच कळलं, आणि तोवर हेलपाटे झाले. तुमचे ते वाचावेत म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

अंगावरचा डाग सगळ्यात शेवटी दिसतो

एका मे महिन्यातली गोष्ट. नागपूरचा मे म्हणजे 45 अंश, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. या दिवसांत सगळ्या बायका कॉटनचं, बारक्या बाहीचं शिवायला टाकतात. ती आली आणि म्हणाली, "काकू, बाही कोपराच्या खाली घ्या, अन् मागचा गळा बंद करा." मी म्हटलं, "इतक्या उन्हात व?" तर म्हणे, "घरी आवडत नाही." तोंडाला बांधलेला दुपट्टा तिने आत येऊनही सोडला नाही. एरवी दुकानात शिरलेली बाई आधी दुपट्टा सोडते, पाणी मागते, मग बोलते. मुंड्याचं माप घ्यायला टेप काखेतून काढला तशी ती दचकली. दंडाच्या आतल्या बाजूला चार गोल काळेनिळे डाग होते, एका ओळीत, आणि पुढून एक. चार बोटं आणि एक अंगठा. मी काही विचारायच्या आतच ती म्हणाली, "पायरीवरून पडली काकू."

पडलेल्या माणसाला गुडघ्याला, कोपराला, तळहाताला, कपाळाला लागतं. दंडाच्या आतून, मानेच्या मागे, कानामागे, मांडीच्या आत सहसा पडून लागत नाही. एक डाग काळानिळा आणि शेजारचा पिवळा पडत आलेला असेल, तर मार बहुधा एका दिवसाचा नाही. आणि कोणी न विचारताच कारण सांगून टाकणं, हीसुद्धा खूणच आहे. ती गेल्यावर मी मापांची वही उघडली. आठ महिन्यांपूर्वी तिची छाती 36 होती. त्या दिवशी 33 भरली होती.

पण डाग नसलेल्या घरांतच मला जास्त काही दिसलं आहे. बाई आत माप देते आहे आणि नवरा बाहेर गाडी चालू ठेवून उभा, दर दोन मिनिटांनी हॉर्न. फोन वाजला की तिचा चेहरा पडतो आणि ती "हो, दुकानातच आहे, काकूंना विचारा" म्हणून फोन माझ्या हातात देते. वीस-तीस रुपयांच्या फॉल-पिकोसाठी "यांना विचारून सांगते". शिलाईची चिठ्ठी हवीच, कारण घरी रुपयान्‌रुपयाचा हिशोब द्यायचा असतो. भिशी सुटली, हळदीकुंकवाला येणं सुटलं, दिवाळीला माहेरी जाणं सुटलं. लाडक्या बहिणीचे 1500 तिच्या खात्यात येतात, पण एटीएम कार्ड सासूच्या कपाटात आणि खात्याला जोडलेला मोबाईल नंबर नवऱ्याचा.

यातल्या एखाद्या खुणेवरून कोणाच्या घराला नाव ठेवू नका. काटकसर पुष्कळ घरांत असते, भांडणं सगळ्याच घरांत होतात. मी एकच गोष्ट बघते: भीती. भांडणात दोघं बोलतात, दुसऱ्या दिवशी बाई "आमचं वाजलं काल" असं स्वतःहून सांगते. छळ असतो तिथे एक माणूस बोलतो आणि दुसरं शब्द मोजत जगतं. "यांना कळलं तर" हे वाक्य ज्या बाईच्या तोंडी सारखं येतं, तिच्याकडे लक्ष ठेवा.

कायद्यालाही नुसती मारहाण म्हणजे छळ असं वाटत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा 2005 चा आहे आणि तो 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. त्यात चार प्रकार धरले आहेत. एक शारीरिक. दुसरा लैंगिक, आणि लग्न झालेलं आहे म्हणून नवऱ्याची जबरदस्ती त्यातून सुटत नाही. तिसरा तोंडी आणि मानसिक: शिव्या, पोर होत नाही किंवा मुलगा होत नाही म्हणून टोमणे, तिच्या माणसांना मारायच्या धमक्या. चौथा पैशाचा: घरखर्च न देणं, पगार काढून घेणं, तिचं सोनं गहाण टाकणं, घराबाहेर काढणं. हा चौथा प्रकार छळात मोडतो हे बहुतेक बायकांना माहीतच नसतं. मी सांगते तेव्हा त्या "असं पण असते का काकू?" म्हणून बघत राहतात.

शिवाय हा कायदा फक्त बायकोसाठी नाही. आई, बहीण, मुलगी, विधवा सून, लग्नासारख्या नात्याने एकत्र राहणारी बाई, सगळ्यांना लागू आहे. पोरगा दारू पिऊन आईवर हात उचलतो तेव्हा "पोटचा आहे" म्हणून ती गप्प बसते. तिलाही हाच कायदा आहे.

मी केलेली चूक

फार वर्षांपूर्वी अशाच एकीचं बघून मला राहवलं नाही. तिचा नवरा ब्लाउज न्यायला आला तेव्हा मी त्याला म्हटलं, "भाऊ, जरा समजून घेत जा तिला." तो हसून "हो काकू" म्हणाला. त्या रात्री त्याने तिला विचारलं की दुकानात जाऊन काय काय सांगतेस, आणि पट्ट्याने मारलं. हे मला तिच्या शेजारणीकडून महिन्याने कळलं. ती पुन्हा कधी माझ्याकडे आली नाही. तिचं ते माप अजून वहीत आहे.

म्हणून पहिली गोष्ट: मारणाऱ्याला समजवायला जाऊ नका. सासूला नाही, दिराला नाही, त्याच्या मित्रालाही नाही. तुमच्या एका वाक्याची किंमत तिला मोजावी लागते.

दुसरी: विचारायचं ते एकटीत. पोरंही जवळ नकोत, पोरं घरी जाऊन सांगतात. "नवरा मारतो का?" असं थेट विचारलं की बाई "नाही" म्हणते, कारण "हो" म्हटलं तर पुढे काय करायचं हे तिला माहीत नसतं. मी म्हणते, "काळजी वाटून राहिली तुझी. घरी सगळं बरं आहे ना?" आणि गप्प बसते. टीप घालत बसते. मशीनच्या आवाजात बाईला बोलायला सोपं जातं, बाहेर ऐकू जात नाही. बोलली तर मधे तोंड घालत नाही. नाही बोलली तर एवढंच सांगते, "माझं दुकान आठपर्यंत उघडं असते. अन् नंतर घर मागेच आहे."

"सोडून दे त्याला" असं मी आता म्हणत नाही. "पोरांसाठी सहन कर" असं तर कधीच नाही. निर्णय तिचा. कधी निघायचं, निघायचं की नाही, हे तिच्याइतकं कोणाला कळत नाही, कारण त्याचा राग कधी चढतो हे तीच ओळखते. ती दोनदा परत गेली तरी तिसऱ्यांदा दार उघडायचं. "तेव्हाच सांगितलं होतं" म्हटलं की ती चौथ्यांदा येणार नाही.

या खुणा दिसल्या तर वाट बघू नका

गळा दाबला असेल, एकदाही, तर जिवाचा धोका आहे असं समजा. गळ्यावर वळ नसला तरी आत इजा झालेली असू शकते. आवाज घोगरा होणं, गिळताना दुखणं, श्वास लागणं, काही क्षण शुद्ध जाणं, नकळत लघवी होणं, यातलं काहीही झालं असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात जायला हवं. "आता बरं वाटून राहिलं" यावर विसंबू नका.

तसंच "जाळून टाकीन", "पोरांना मारून मी पण मरीन" अशा धमक्या, घरात हत्यार काढणं, गरोदरपणात पोटावर लाथ, किंवा मार दिवसेंदिवस वाढत जाणं. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही: बाई निघायचं ठरवते किंवा निघते, तेव्हा धोका कमी होत नाही, वाढतो. त्याला कळतं की आता ती हातातून जाणार. म्हणून भांडणाच्या भरात "मी चाललीच" असं त्याच्या तोंडावर सांगू नका. तयारी गुपचूप करा.

तयारी

वही ठेवा. हे मी सगळ्यात जास्त जोर देऊन सांगते. तारीख, वेळ, काय झालं, कशाने मारलं, कोणी बघितलं, दवाखान्यात गेलात का. दोन ओळी पुरतात. सहा महिन्यांनी ठाण्यात साहेब विचारतात "कधीपासून?" तेव्हा बाई रडते आणि "खूप दिवसांपासून" म्हणते. त्याच जागी "12 जानेवारीला रात्री लाटण्याने, 3 फेब्रुवारीला पोरीसमोर" असं सांगितलं की ऐकणारा लिहायला लागतो. वही घरी ठेवता येत नसेल तर बाहेर ठेवा. माझ्या मापांच्या वहीत दोघींच्या मापांखाली अशा तारखा आहेत. त्या यायच्या, पडद्यामागे सांगायच्या, मी लिहायचे, खाली त्या सही करायच्या. जखमेचे फोटो काढले तर एक जवळून आणि एक चेहरा दिसेल असा, आणि ते विश्वासाच्या माणसाकडे पाठवून आपल्या फोनमधून काढून टाका.

कागदांच्या झेरॉक्स हळूहळू बाहेर काढा: आधार, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, लग्नाचा दाखला किंवा पत्रिका आणि फोटो, पोरांचे जन्मदाखले, शाळेचे कागद, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, दागिन्यांच्या पावत्या. लग्नात आणि नंतर मिळालेलं सोनं-भांडी-सामान हे तुमचं स्त्रीधन आहे. त्याची यादी करा, आईकडे पावत्या असतील तर मागवा. एकदम सगळे कागद गायब झाले तर घरात लक्षात येतं, म्हणून एका वेळी एक-दोनच आणा. ब्लाउजपीसच्या पिशवीत कागद घालून दिला तर कोणी उघडून बघत नाही, हे मला एका वहिनीनेच शिकवलं. सोबत औषधं, थोडे रोख पैसे, पोरांचे दोन कपडे, घराची जादा किल्ली.

फोनचं बघा. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये "लिंक्ड डिव्हाइसेस" उघडून तुमचा फोन दुसऱ्या कुठे जोडलेला आहे का ते पाहा. लोकेशन शेअर होत असेल, तुमचं गुगल खातं त्याच्या फोनमध्ये उघडं असेल, तर तुम्ही भरोसा सेलला, म्हणजे बायकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या पोलिसांच्या विभागात, जाऊन आलात हे घरी पोहोचायच्या आत त्याला कळतं. पण सगळं एकदम बंद केलं तरी त्याला संशय येतो. मदतीचे फोन दुसऱ्याच्या मोबाईलवरून करणंच बरं. शक्य असेल तर वेगळ्या बँकेत स्वतःच्या नावाने, माहेरच्या नंबरवर खातं उघडा.

शेजारणीशी एक खुणेचा शब्द ठरवा. आमच्या गल्लीत एकीने ठरवलं होतं, "काकू, अस्तर आलं का?" असा फोन आला की मी काही न विचारता 112 लावायचा. एकदाच वेळ आली. लावला, आणि पोलीस आले.

त्या रात्री

112 लावला की आधी पत्ता सांगा, मग गोष्ट. फोन कधीही हिसकावला जाऊ शकतो. "मानेवाडा" एवढं पुरत नाही: कोणता चौक, कोणत्या मंदिराजवळ, कितवा मजला. नंतर सांगा की मारहाण चालू आहे, पोरं घरात आहेत, हातात काय आहे. स्वयंपाकघरात किंवा बाथरूममध्ये लपू नका. एकीकडे सुऱ्या असतात, दुसरीकडे बाहेर पडायला वाट नसते. दाराजवळ राहा.

जीव वाचवून बाहेर पडलात की आधी सरकारी दवाखाना. आपल्याकडे मेडिकल आहे, मेयो आहे, बायकांसाठी डागा आहे. कॅज्युअल्टीत डॉक्टर विचारतात कसं लागलं. इथे "पडली" म्हणू नका. बाजूला सासू उभी असली तर डॉक्टरांना सांगा, मला एकटीशी बोलायचं आहे. "नवऱ्याने मारलं, या वेळी, या वस्तूने" असं सांगा आणि एमएलसी करायला सांगा, म्हणजे पोलीस केसचा वैद्यकीय कागद. नव्या जखमांसोबत जुन्याही लिहायला सांगा. केस पेपर जपून ठेवा. पहिल्या कागदावर "पायरीवरून पडली" लिहिलं गेलं की वर्षभर कोर्टात तेच वाक्य तुमच्यासमोर धरलं जातं. एकीचं असं झालेलं मी पाहिलं आहे, म्हणून इतकं सांगते.

पोलीस ठाण्यात: एनसी म्हणजे काय आणि एफआयआर म्हणजे काय

एकीला घेऊन मी पहिल्यांदा ठाण्यात गेले तेव्हा आम्हाला तीन तास बाकावर बसवलं, मग "घरचा मामला आहे, समजुतीने घ्या" म्हणून सांगितलं आणि एक कागद हातात दिला. आम्हाला वाटलं तक्रार झाली. ती एनसी होती. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, त्यावर पोलीस मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय तपास करत नाहीत. ते कागद फेकू नका, पुढे पुरावा म्हणून कामाला येतात. पण एनसीवर समाधान मानू नका.

नवरा किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेला क्रूर छळ हा दखलपात्र गुन्हा आहे. आधी त्याला 498-अ म्हणायचे, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 85 आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि दंड. तक्रारीत नुसतं "आज मारलं" लिहून दिलं की एनसी होते. "लग्नानंतर अमुक महिन्यापासून सतत, या या तारखांना, या मागणीसाठी किंवा या कारणाने, जिवाला भीती वाटेल असा छळ" हे सगळं लिहून दिलं की चित्र बदलतं. वही इथे उपयोगी पडते. तक्रार घरूनच लिहून न्या, दोन प्रती, एकीवर पोच घ्या. एफआयआर झाला की त्याची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतली आहे म्हणून परत पाठवता येत नाही, झिरो एफआयआर नोंदवून ते पुढे पाठवतात. नोंदवूनच घेतलं नाही तर तीच तक्रार पोलीस उपायुक्त किंवा आयुक्तांकडे स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. सासर वर्ध्याला किंवा अमरावतीला आणि तुम्ही नागपूरला माहेरी आलात, तरी तक्रार इथे करता येते. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये तसं स्पष्ट केलं आहे.

एफआयआर झाला म्हणजे त्याच रात्री त्याला आत टाकतील असं मात्र धरून चालू नका. या कलमात पोलीस लगेच अटक करतीलच असं नाही, पुष्कळदा आधी नोटीस देतात. म्हणून ठाण्यात जायच्या आधी रात्री झोपायचं कुठे हे ठरलेलं हवं.

नागपूर शहर पोलिसांचं भरोसा सेल आहे. तिथे बायकांच्या तक्रारी ऐकतात, दोघांना बोलावून समुपदेशन होतं. काही घरं त्याने सावरली, मी पाहिली आहेत. पण तिथे किंवा कुठेही समझोत्याच्या कागदावर न वाचता सही करू नका. त्याच्यासमोर बसायची भीती वाटत असेल तर "मला वेगळं बोलायचं आहे" म्हणा. आणि गळा दाबणारा, जाळायची धमकी देणारा माणूस असेल तर समझोता आधी नको, संरक्षण आधी.

दुसरा रस्ता, जो जास्त बायकांना हवा असतो

बहुतेक बायकांना नवऱ्याला तुरुंगात पाठवायचं नसतं. त्यांना मार थांबायला हवा असतो, डोक्यावर छप्पर आणि पोरांची फी हवी असते. त्यासाठी 2005 चा कायदा आहे, आणि एफआयआर केला नसला तरी तो वापरता येतो.

जिल्ह्यात सरकारने नेमलेले संरक्षण अधिकारी असतात, महिला व बाल विकास विभागाचे. त्यांच्याकडे जाऊन सांगितलं की ते घटनेचा अहवाल भरतात आणि मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायला मदत करतात. वकील नसला तरी अर्ज करता येतो. मॅजिस्ट्रेट काय काय देऊ शकतात: त्याने मारू नये, तुमच्या कामाच्या जागी किंवा पोरांच्या शाळेत फिरकू नये असा संरक्षण आदेश, घरातून काढू नये किंवा दुसरं घर भाड्याने करून द्यावं असा निवासाचा आदेश, खर्च, दवाखान्याचे पैसे, नुकसानभरपाई, पोरांचा तात्पुरता ताबा, स्त्रीधन परत. फार घाई असेल तर त्याला बोलवायच्या आधी तात्पुरता आदेशही देता येतो, तो अर्जातच मागा. कायद्यात पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल 60 दिवसांत असं लिहिलं आहे. खरं सांगायचं तर जास्त वेळ लागतो. म्हणूनच अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतचा तात्पुरता आदेश मागायला विसरू नका.

"घर सासूच्या नावावर आहे, तुझा काय हक्क?" हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकलं आहे. लग्न होऊन ज्या घरात तुम्ही एकत्र नांदलात, ते सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी राहण्याचा हक्क मागता येतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2020 मध्ये हे सांगितलं. मालकी मिळत नाही, पण हात धरून रस्त्यावर काढता येत नाही.

वकिलाच्या फीची धास्ती असेल तर सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. 1987 च्या कायद्याने बाईला वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. नोकरी करणाऱ्या बाईलाही. फोन 15100. एकीला आम्ही तिथून वकीलबाई मिळवून दिली. दर तारखेला माझ्या दुकानातून निघायची, येताना बर्डीवरून मला बटणं आणायची.

राहायला कुठे

माहेरी जागा असेल तर उत्तम. नसेल तर 181 या महिला हेल्पलाइनवर सखी केंद्राबद्दल विचारा, वन स्टॉप सेंटर म्हणतात त्याला. एकाच छताखाली दवाखान्याची, पोलिसांची, वकिलाची, समुपदेशनाची मदत आणि साधारण पाच दिवस राहायची सोय, मुली आणि लहान मुलग्यांसकट. त्यापुढे शासनाची शक्ती सदनं आहेत. जाताना पोरांना सोडून जाऊ नका, "पोरं माझ्याकडे आहेत" हीच पुढे त्याची पकड होते. पण जिवावर बेतलं असेल तर आधी स्वतः बाहेर पडा आणि लगेच पोलिसांना आणि मुलांच्या हेल्पलाइनला, 1098 ला, पोरांचं सांगा. मनाने पार खचलेली बाई असेल, जगावंसं वाटत नाही म्हणत असेल, तर टेलि-मानसचा 14416 दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलतात. म्हाताऱ्या आई-वडिलांना पोरं छळत असतील तर 14567.

आणि शेजाऱ्यांनो, भिंतीपलीकडून आवाज येतो तेव्हा टीव्ही मोठा करू नका. कायद्याने कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं, आणि चांगल्या हेतूने कळवलं तर कळवणाऱ्यावर कसलीही कारवाई होत नाही. मार चालू असताना निदान बेल वाजवा, साखर मागा, पार्सल आलं म्हणा. दोघं-तिघं मिळून जा. हात क्षणभर थांबतो, आणि तेवढ्यात बाहेर एक जण 112 लावतो.

आदेश हातात आल्यावर

आदेशाची प्रत कोर्टातून फुकट मिळते. तिच्या पाच-सहा झेरॉक्स काढा. एक तुमच्या हद्दीतल्या ठाण्यात पोच घेऊन द्या, एक पोरांच्या शाळेत मुख्याध्यापकांना, आणि सांगा की पोरांना न्यायला फक्त कोण येईल. एक कामाच्या जागी, एक माहेरी, एक पर्समध्ये. त्याने आदेश मोडला तर तो वेगळा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण मोडला हे कळवायला हवं. नुसता गेटबाहेर उभा राहिला, फोन करून रडला, मावशीकडून निरोप पाठवला, तरी तारीख टाकून लिहा. जिचं घर अजून सुरक्षित नाही, तिने एक प्रत माझ्या दुकानातही ठेवावी. कात्रीच्या खणात तीन जणींच्या आहेत.